झेब्रा क्रॉसिंगचा धडा : नियम पाळणारं मूलही सुरक्षित का नसतं?



दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येतं. आपण मुलांकडून घोषवाक्यं लिहून घेतो, चित्रं काढून घेतो, प्रभातफेरी काढतो. फळ्यावर तीच वाक्यं पुन्हा लिहितो : 'रस्ता नेहमी झेब्रा क्रॉसिंगवरूनच ओलांडावा.' मीही कित्येक वर्षं हेच लिहीत आले. मग एका पावसाळ्यात आमच्या शाळेसमोर जे घडलं, त्यानंतर हे वाक्य एवढंच लिहून थांबायला मला जमेना.

पाचवीतला एक मुलगा सकाळी शाळेत येत होता. शिकवलं होतं तसंच तो झेब्रा पट्ट्यांपाशी थांबला. सिटी बसच्या ड्रायव्हरने त्याला पाहिलं, बस थांबवली, हाताने खूण केली. मुलगा निघाला. बसच्या पुढून बाहेर पडताक्षणी बसच्या उजव्या बाजूने पुढे जाणाऱ्या स्कूटरने त्याला उडवलं. पायाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. स्कूटरवाला कुणी गुंड-मवाली नव्हता. आपल्या मुलीला आमच्याच शाळेत सोडायला निघालेला, उशीर झालेला एक बाप होता. 'बस का थांबली तेच मला कळलं नाही,' असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि ते खोटं नव्हतं.

मुलगा परत वर्गात आला तेव्हा त्याने मला एकच प्रश्न विचारला. "बाई, मी झेब्रावरूनच जात होतो ना?"

हो, झेब्रावरूनच जात होता. त्याने धडा पूर्ण पाळला होता. आम्ही तो अर्धाच शिकवला होता. उरलेला अर्धा धडा म्हणजे हा लेख. वर्गात जसाच्या तसा वापरता येईल अशा कृती त्यात दिल्या आहेत. शेवटी पालकांसाठी वेगळा भाग आहे, तो कृपया वगळू नका.

प्रश्न किती मोठा आहे?

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांपैकी ३२,८२५ जण पायी चालणारे होते. वर्षाला ३६५ दिवस धरून मुलांना भागाकार करायला सांगा. उत्तर येतं दररोज सुमारे ९०. म्हणजे दोन वर्गखोल्या भरतील इतकी माणसं, रोज. ती ना गाडी चालवत होती, ना वेगात होती. नुसती चालत होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचं सर्वांत मोठं कारण रस्ते अपघात हेच आहे. आपल्या शाळेतली सगळी मुलं याच वयोगटात येतात. म्हणून हा विषय फक्त जानेवारीपुरता ठेवून चालणार नाही.

हे पट्टे आले कुठून?

मुलांना गोष्ट आवडते, म्हणून सुरुवात इथून करा. १९३४ साली ब्रिटनमध्ये लेस्ली होर-बेलिशा नावाचे वाहतूक मंत्री होते. त्यांच्या काळात रस्ता ओलांडण्याच्या जागी काळ्या-पांढऱ्या खांबावर नारिंगी गोळा बसवायला सुरुवात झाली. या खांबांना आजही 'बेलिशा बीकन' म्हणतात. रस्त्यावर मात्र तेव्हा पट्टे नव्हते, नुसत्या धातूच्या खुणा ठोकलेल्या असत. चालणाऱ्याला त्या दिसत, पण गाडीत बसलेल्याला लांबून फारशा दिसत नसत. मग १९४९ मध्ये रंगीत पट्ट्यांचे प्रयोग झाले आणि १९५१ मध्ये काळे-पांढरे पट्टे तिथल्या नियमात आले.

या गोष्टीतून मुलांना एक प्रश्न विचारा : पट्टे कुणासाठी काढले? बहुतेक मुलं म्हणतील, 'आपल्यासाठी, चालणाऱ्यांसाठी.' खरं उत्तर असं की पट्टे मुख्यतः गाडी चालवणाऱ्याला दिसावेत म्हणून आले. म्हणजे चालकाला जे क्रॉसिंग लांबून दिसत नाही, ते असून नसल्यासारखंच. पुसट झालेले पट्टे, पट्ट्यांवर उभ्या केलेल्या गाड्या, झाडाच्या फांदीआड गेलेला दिवा, यातलं काहीही असलं की आपण १९४९ च्या आधीच्या काळात जाऊन बसतो.

आणि दुसरी गोष्ट. पट्टे म्हणजे रंग. रंगाने गाडी थांबत नाही. गाडी थांबण्यासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात : वेग, नजर, वेळ आणि अंतर. या एकेक करून पाहू.

१. वेग : गाडी लगेच का थांबत नाही?

*कृती :* मुलांना मैदानावर न्या. एक रेष आखा. मुलाने वेगाने पळत यायचं, तुम्ही रेषेपाशी अचानक टाळी वाजवायची, टाळी ऐकली की थांबायचं. एकही मूल रेषेवर थांबणार नाही. किती पावलं पुढे गेलं ते मोजा. मग तोच खेळ चालत खेळा. फरक मुलांना स्वतःच्या पायात कळतो.

आता सहावी-सातवीच्या मुलांसाठी गणित. चालकाला मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण १ सेकंद जातो असं धरू. त्या सेकंदात गाडी आधीच्याच वेगाने पुढे जात असते. त्यानंतर ब्रेक लागतो आणि गाडी घसरत घसरत थांबते. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक असतील तर हिशेब साधारण असा येतो :

- ताशी ३० किमी : आधी ८ मीटर, मग ब्रेकचे ५ मीटर. एकूण सुमारे १३ मीटर.
- ताशी ५० किमी : आधी १४ मीटर, मग ब्रेकचे १४ मीटर. एकूण सुमारे २८ मीटर.
- ताशी ६० किमी : आधी १७ मीटर, मग ब्रेकचे २० मीटर. एकूण सुमारे ३७ मीटर.

या आकड्यांकडे नीट पाहा. समजा, १४ मीटरवर एक मूल रस्त्यात आलं. ताशी ३० ने येणारी गाडी मुलाच्या जेमतेम अलीकडे थांबते. ताशी ५० ने येणाऱ्या गाडीचा चालक तोवर ब्रेकवर पायही ठेवून झालेला नसतो. म्हणजे तो त्याच पूर्ण वेगाने धडकतो. चालक तेवढाच सावध, ब्रेक तेवढेच चांगले, तरी एका गाडीच्या बाबतीत थोडक्यात निभावतं आणि दुसरीच्या बाबतीत घात होतो. पावसात रस्ता ओला असला की ही अंतरं आणखी वाढतात.

म्हणून शाळेजवळच्या क्रॉसिंगची पहिली सुधारणा म्हणजे रंग नव्हे, वेग. त्यासाठी एक साधा उपाय आहे : उंचावलेलं क्रॉसिंग. झेब्रा पट्टे रस्त्याच्या पातळीवर न काढता फुटपाथच्या उंचीच्या सपाट ओट्यावर काढायचे. तोच गतिरोधक आणि तोच चालण्याचा मार्ग. गाडीला वेग कमी करावाच लागतो, आणि आजी-आजोबांना, व्हीलचेअरवाल्यांना उतर-चढ करावी लागत नाही.

२. नजर : मूल दिसतं का?

*कृती :* वर्गात दोन बाकं एकाला एक लावून 'उभी केलेली गाडी' तयार करा. त्यामागे मोठ्या माणसाने उभं राहायचं, मग पहिलीच्या मुलाने. समोरच्या 'चालकाला' कोण दिसतं? मोठ्या माणसाचं डोकं आणि खांदे दिसतात. मूल दिसतच नाही. आणि मुलालाही चालक दिसत नाही.

क्रॉसिंगच्या अगदी अलीकडे उभी केलेली चारचाकी, टेम्पो, टपरी, हातगाडी, जाहिरातीचा फलक हे सगळं मुलाच्या दृष्टीने भिंत असतं. मूल काय करतं? दिसावं म्हणून दोन पावलं रस्त्यात पुढे येऊन डोकावतं. आपण म्हणतो, 'बघा, रस्त्यात येतात कशी!' पण त्याला दुसरा इलाज नसतो.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात होबोकन नावाचं दाटीवाटीचं छोटं शहर आहे. तिथे चौकांच्या कोपऱ्यांवरचं पार्किंग बंद करून कोपरे मोकळे केले, म्हणजे चालणारा आणि चालक एकमेकांना लांबूनच दिसतील. सोबत वेगमर्यादाही कमी केली. २०१७ पासून पुढची अनेक वर्षं तिथे रस्ते अपघातात एकही मृत्यू झाला नाही. कोपरा मोकळा ठेवायला फार मोठा खर्च येत नाही, काही खुंट आणि थोडी शिस्त पुरते.

आमच्या मुलाचा अपघातही नजरेचाच होता. बसने वाट दिली, पण बसचाच आडोसा झाला. मुलगा स्कूटरवाल्याला दिसला नाही, स्कूटर मुलाला दिसली नाही. यावर दोन उपाय आहेत. एक रस्त्यावरचा : थांबारेषा, म्हणजे स्टॉप लाइन, पट्ट्यांना चिकटून न काढता काही मीटर मागे काढायची, म्हणजे थांबलेल्या बसच्या पुढे मोकळी जागा राहते आणि मागून येणारा दिसतो. दुसरा आपण शिकवायचा : एक गाडी थांबली म्हणजे रस्ता थांबला असं नाही. थांबलेल्या गाडीच्या टोकाशी पुन्हा उभं राहायचं, डोकावून पाहायचं, मगच पुढे. हा नियम मी तोवर एकदाही फळ्यावर लिहिला नव्हता. आता पहिला तोच लिहिते.

३. वेळ : हिरवा माणूस किती वेळ असतो?

*कृती :* मैदानात १४ मीटरवर दोन रेषा आखा. साडेतीन मीटरची एक अशा चार लेन असलेला रस्ता एवढा रुंद असतो. आता मुलांना दप्तरासकट नेहमीच्या चालीने चालायला लावा आणि वेळ मोजा. शक्य असेल तर एखाद्या मुलाच्या आजी-आजोबांनाही बोलवा. काठी टेकत चालणाऱ्या आजींची वेळ मोजली की वर्ग एकदम शांत होतो.

सिग्नलची आखणी करताना चालण्याचा वेग बऱ्याचदा सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या हिशेबाने १४ मीटरला सुमारे १२ सेकंद लागतात. पण सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजींना साडेसतरा सेकंद लागतात. सिग्नल १२ सेकंदांचा असेल तर आजी रस्त्याच्या दोन-तृतीयांश भागात असतानाच गाड्या सुटतात. त्या हळू चालतात हा त्यांचा दोष नाही. सिग्नलने त्यांना मोजलंच नाही.

मुलांना घराजवळच्या सिग्नलवर, फुटपाथवरच उभं राहून, मोठ्या माणसासोबत हिरव्या माणसाचे सेकंद मोजायला सांगा. गृहपाठ म्हणून हा छान आहे, कारण त्यात आई किंवा बाबाही सोबत मोजतात.

सिग्नलवरून एक गंमतही सांगा. २०२० मध्ये मुंबईत दादरच्या काही सिग्नलवर चालणाऱ्या पुरुषाऐवजी फ्रॉक घातलेल्या स्त्रीचं चित्र लावलं गेलं. 'सिग्नलवर कुणाचं चित्र असावं?' हा प्रश्न दिला की मुलं आजी काढतात, व्हीलचेअर काढतात, दप्तर घेतलेली मुलगी काढतात. रस्ता कुणाकुणाचा आहे हे न सांगताच समजतं.

४. अंतर : मध्ये थांबायला जागा आहे का?

सिग्नल नसलेल्या रस्त्याचा विचार करा. १४ मीटर ओलांडायला १२ सेकंद लागतात. ताशी ४० किमीने येणारी गाडी १२ सेकंदांत सुमारे १३३ मीटर येते. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाने १३३ मीटर लांबच्या गाडीकडे पाहून, तेही दोन्ही दिशांना, ठरवायचं की आता निघू की नको! लहान मुलांना गाडी किती लांब आहे ते दिसतं, पण ती किती वेगात आहे ते नीट कळत नाही. हा हट्टीपणा नसतो, ती समज वयाबरोबर येते.

आता रस्त्याच्या मध्ये दुभाजकात दोन माणसं नीट उभी राहतील एवढा सुरक्षित थांबा केला तर? एका वेळी ओलांडायचे ७ मीटर, वेळ सुमारे ६ सेकंद, पाहायचं अंतर सुमारे ६५ मीटर आणि तेही एकाच दिशेला. प्रश्न अर्ध्याहून सोपा झाला. एक छोटा ओटा करून मुलाच्या डोक्यावरचं एवढं ओझं उतरतं.

इथे कुणीतरी म्हणेलच, 'मग पादचारी पूल का नाही बांधत?' स्टेशनच्या गर्दीला किंवा महामार्गाला पुलाचा उपयोग असतो. पण शाळेसमोरच्या रस्त्यावर जड दप्तराचं मूल, गुडघेदुखीच्या आजी आणि बाळ कडेवर घेतलेली आई यांना पन्नास-साठ पायऱ्या चढायला लावून गाड्यांना सपाट रस्ता द्यायचा, यात न्याय उलटा होतो. लोक पुलाखालून जातात ते आळशी आहेत म्हणून नाही, पूल चुकीच्या जागी आहे म्हणून.

बदल होतो का?

होतो. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये 'व्हिजन झिरो' हे धोरण स्वीकारलं. त्याचा गाभा सोपा आहे : माणूस चुकणारच, पण चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, म्हणून रस्ता असा बांधा की चूक झाली तरी जीव वाचेल. फिनलंडची राजधानी हेलसिंकी इथे बहुतेक वस्तीच्या रस्त्यांवर आणि मध्यवर्ती भागात वेगमर्यादा ताशी ३० वर आणली. २०१९ साली त्या शहरात रस्ते अपघातात एकाही पादचाऱ्याचा मृत्यू झाला नाही.

'ते तिकडचं झालं,' असं म्हणू नका. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद झाले, बसायला बाकं आली, मुलांना खेळायला जागा झाली. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्ता काही तास गाड्यांसाठी बंद ठेवून 'पादचारी दिन' साजरा झाला. सगळं शहर बदललं असं नाही. पण आपल्याच लोकांनी, आपल्याच रस्त्यावर हे करून दाखवलं.

आणि कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीनुसार पादचारी क्रॉसिंगपाशी चालकाने वेग कमी करून चालणाऱ्याला वाट द्यायची आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या सुधारणेने एक नवीन कलम आलं : रस्त्याच्या रचनेत ठरलेले निकष न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळ्याविना पदपथ मिळणं हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या कलम २१ चा, भाग असल्याचं स्पष्ट केलं. नागरिकशास्त्राच्या तासाला मूलभूत हक्क शिकवताना यापेक्षा जवळचं उदाहरण कुठलं मिळेल?

फळ्यावर काय लिहायचं? मुलांसाठी सहा वाक्यं

१. कडेला थांब. पळत रस्त्यात जायचं नाही, बॉल गेला तरी.
२. आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहा. दुभाजकानंतर डावीकडे पाहा. राँग साइडने येणारे असतात, म्हणून दोन्हीकडे एक नजर टाकच.
३. चालकाच्या डोळ्यांत बघ. त्याने तुला पाहिलं याची खात्री झाली की निघ.
४. एक गाडी थांबली म्हणजे सगळ्या थांबल्या असं नाही. तिच्या टोकाशी थांबून पुन्हा पाहा.
५. रिक्षा-बसमधून उतरल्यावर तिच्या पुढून किंवा मागून लगेच निघू नकोस. ती जाऊ दे.
६. मोबाइल, इअरफोन, मित्राशी मस्ती हे सगळं पलीकडे गेल्यावर.

एक सूचना शिक्षकांसाठी : पाहणी करायची म्हणून मुलांना टेप घेऊन रस्त्यात उतरवू नका. रुंदी लेन मोजून काढता येते. गाड्यांची नोंद शाळेच्या गॅलरीतून किंवा फाटकाच्या आतून करता येते. दहा मिनिटांत किती गाड्या थांबारेषेच्या मागे थांबल्या, किती पट्ट्यांवर उभ्या राहिल्या, एवढ्या दोन रकान्यांची तालिका पुरे. तिचा स्तंभालेख काढला की गणिताचा तासही झाला. शाळेत आरएसपीचं पथक असेल तर त्या मुलांनी फाटकापाशी रांग सांभाळावी. गाड्या अडवणं हे मोठ्यांचं आणि पोलिसांचं काम आहे.

आता पालकांशी थोडं

रागावू नका, पण हे आम्ही रोज फाटकात उभं राहून पाहतो. शाळेसमोरच्या झेब्रा पट्ट्यांवर सकाळी सर्वांत जास्त गाड्या कुणाच्या उभ्या असतात? आपल्याच. रस्त्याच्या पलीकडे स्कूटर थांबवून 'पळ पळ, बेल झाली!' असं मुलाला ओरडून सांगणारे आपणच. वर्गात आम्ही 'थांब, बघ' शिकवतो आणि फाटकात त्याच मुलाला आई-बाबा 'पळ' म्हणतात. मूल कुणाचं ऐकेल?

तीन गोष्टी एवढ्याच करा. गाडी पट्ट्यांपासून लांब, शाळेच्याच बाजूला लावा आणि उरलेलं अंतर मुलाचा हात धरून चाला. क्रॉसिंगपाशी पुढची गाडी थांबली असेल तर तिला ओलांडून कधीही पुढे जाऊ नका, ती उगाच थांबलेली नसते. आणि आठवी-नववीतल्या मुलाच्या हातात क्लासला जायला स्कूटर देऊ नका. कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. पण दंड बाजूला ठेवा. त्या स्कूटरपुढे उद्या दुसऱ्या कुणाचं तरी मूल येऊ शकतं, तेवढा विचार पुरे.

पत्रलेखन : खरं पत्र लिहू या

औपचारिक पत्र आपण शिकवतोच. या वेळी ते वहीत न ठेवता पाठवू या. नमुना असा :

*प्रति,*
*मा. सहायक आयुक्त, क्षेत्रीय कार्यालय*
*प्रत : वाहतूक पोलीस विभाग*

*विषय : शाळेसमोरील पादचारी क्रॉसिंग सुरक्षित करण्याबाबत*

*महोदय/महोदया,*

*आमच्या शाळेसमोरील रस्ता रोज शेकडो मुले ओलांडतात. क्रॉसिंगचे पट्टे पुसट झाले असून त्यालगत वाहने उभी असतात, त्यामुळे मुले चालकांना दिसत नाहीत. तरी पुढील कामे करावीत ही विनंती : १) पट्टे व मागे सरकवलेली थांबारेषा रंगवणे, २) क्रॉसिंगलगत वाहने उभी राहणार नाहीत असे खुंट बसवणे, ३) क्रॉसिंग उंचावणे, ४) दुभाजकात थांबण्याची जागा करणे, ५) शाळा भरताना व सुटताना वाहतूक कर्मचारी नेमणे. विद्यार्थ्यांनी केलेल्या पाहणीची तालिका व छायाचित्रे सोबत जोडली आहेत.*

*आपले विश्वासू,*
*शाळा व्यवस्थापन समिती व विद्यार्थी*

पत्राची पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा. 'रस्ता सुधारा' असं मोघम लिहू नका, कुठली जागा आणि कुठलं काम ते लिहा. नेमक्या मागणीला टाळणं अवघड जातं. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर स्मरणपत्र, त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज. हेही मुलांनी पाहिलेलं चांगलं.

आमच्या पत्राचं काय झालं, हे तुम्ही विचारालच. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. दुसऱ्या स्मरणपत्रानंतर एका रविवारी पट्टे रंगवून गेले आणि थांबारेषा थोडी मागे सरकली. कोपऱ्यावर चार खुंट आले. त्यातला एक कुणीतरी दुसऱ्याच आठवड्यात मोडला. उंचावलेलं क्रॉसिंग अजून झालेलं नाही, तिसरं पत्र या वर्षीच्या पाचवीने लिहिलंय. तो स्कूटरवाला बाप आता आठवड्यातून दोन दिवस सकाळी शिट्टी घेऊन फाटकात उभा असतो. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तो मुलगा? तो आता मोठ्या वर्गात आहे. परवा त्याला रस्ता ओलांडताना पाहिलं. एक रिक्षा थांबली, तो चार पावलं चालला, रिक्षाच्या टोकाशी थांबला, डोकावून पाहिलं, मग पलीकडे गेला. त्याने हे स्वतःचा पाय मोडून शिकलंय. आपल्या बाकीच्या मुलांना ते मैदानावर, खडूच्या रेषांवर शिकता यावं, एवढ्यासाठी हा लेख.

उद्याच्या तासाला एवढंच करा : मैदानात १४ मीटरच्या दोन रेषा आखा आणि मुलांना चालायला लावा. पुढचं मुलंच विचारतील.